आम्हांला राजा प्रिय आहे : एका संगणकीय खेळातील नगरोत्सव

आम्ही दोघे मिळून घेत असलेल्या भाषांतराच्या तासाला एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे एक वाक्य ठेवले. ते कोणत्या कवितेतले वा कादंबरीतले नव्हते. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळातले होते. या खेळात एखाद्या नगराचे लोक फार सुखात असले, की पडद्यावर वार्ता झळकते : अमुक नगरात ‘वी लव्ह द किंग डे’ साजरा होत आहे. याचे मराठी काय करायचे, एवढाच त्याचा प्रश्न होता. वर्गातून दोन उत्तरे लगेच आली. एकाने म्हटले, ‘आम्हांला राजा प्रिय आहे दिन’. दुसरीने म्हटले, ‘आपल्याला राजा प्रिय आहे दिन’. उरलेला तास या दोन सर्वनामांवर गेला आणि तास संपला तरी प्रश्न सुटला नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचाच पाठपुरावा आहे.

इंग्रजीतील ‘वी’ एकच आहे. मराठीत मात्र प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. तेव्हा हे वाक्य नागरिक कोणाला उद्देशून बोलत आहेत, हे ठरवल्याखेरीज ते मराठीत आणताच येत नाही. राजाला उद्देशून बोलत असतील तर ‘आम्हांला’. एकमेकांशी बोलत असतील तर ‘आपल्याला’. ‘आम्ही’ची आणखी एक छटा वर्गात कोणाच्या लक्षात आली नव्हती, ती आम्हांला घरी परतताना सुचली. मराठीत राजा स्वतःलाही ‘आम्ही’च म्हणवतो. त्या अर्थाने ‘आम्हांला राजा प्रिय आहे’ हे राजाचे स्वतःविषयीचेच उद्गार ठरू शकतात. आरंभी हा आम्हांला केवळ शब्दखेळ वाटला. खेळाचे नियम समजून घेतल्यावर मात्र या तिसऱ्या अर्थाकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. १९९१ साली अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या मायक्रोप्रोज या कंपनीने ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ बाजारात आणला. सिड मायर हा त्याचा प्रमुख रचनाकार आणि ब्रूस शेली हा त्याचा सहकारी. खेळणारा इ. स. पू. ४००० मध्ये पहिले नगर वसवतो आणि तेथून अवकाशयुगापर्यंत आपल्या समाजाचा कारभार पाहतो. नगरे वसवणे, जमीन कसणे, विद्या मिळवणे, युद्ध आणि तह करणे ही सर्व कामे त्याची. शासनप्रकार बदलतात, युगे पालटतात, पण कारभारी बदलत नाही. सहा हजार वर्षे मरण नसलेला हा राजा म्हणजे खेळणारा स्वतः.

या राजाची प्रजा तीन प्रकारच्या चेहऱ्यांनी पडद्यावर दिसते : आनंदी, संतुष्ट आणि असंतुष्ट. नगर जसजसे वाढते तसतसे असंतुष्टांचे चेहरे उमटू लागतात. त्यांना शांत करण्याचे मार्ग राजाच्या हाती असतात. मंदिर बांधावे, प्रेक्षागार उभारावे, एकतंत्री राजवट किंवा राजेशाही असेल तर नगरात सैन्य ठेवून दरारा निर्माण करावा. याशिवाय साऱ्या राज्याच्या व्यापाराचे तीन वाटे करता येतात : कर, विज्ञान आणि चैन. प्रत्येकाची टक्केवारी राजा ठरवतो. चैनीच्या दोन एककांमागे एक नागरिक आनंदी होतो, असे साधे कोष्टक आहे. असंतुष्टांची संख्या आनंदी लोकांहून अधिक झाली, की नगरात दंगा उसळतो आणि कामकाज थांबते. याउलट निम्मे किंवा अधिक लोक आनंदी असले आणि असंतुष्ट एकही नसला, तर ते नगर राजप्रेमाचा दिवस साजरा करू लागते.

उत्सवाचे फळ शासनप्रकारावर अवलंबून असते. एकतंत्री राजवटीतले नगर उत्सवाच्या काळात राजेशाहीतल्या नगरासारखे उत्पन्न देऊ लागते. राजेशाहीतल्या किंवा साम्यवादी राजवटीतल्या नगराचा व्यापार प्रजासत्ताकातल्या नगरासारखा वाढतो. प्रजासत्ताकात आणि लोकशाहीत, अन्न शिल्लक आहे तोवर, नगराची लोकसंख्या प्रत्येक फेरीला एका एककाने वाढते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांला वाटते. हे कोष्टक कोणत्या हेतूने रचले गेले हे बाजूला ठेवून त्याकडे संहिता म्हणून पाहिले, तर त्यात एक विलक्षण कल्पना दडलेली दिसते. उत्सवात असलेले नगर तेवढ्या काळापुरते आपल्या राजवटीतून उठून पुढच्या, अधिक मोकळ्या राजवटीत राहू लागते. जुलमी सत्तेखालचे नगर सणाच्या दिवशी थोडे कमी जुलमात जगते. रशियन समीक्षक मिखाइल बाख्तिन याने राब्लेवरील आपल्या ग्रंथात मध्ययुगीन कार्निव्हलला लोकांचे दुसरे जीवन मानले आहे. त्या काळापुरत्या श्रेणी आणि दंडक गळून पडतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. संगणकीय खेळाच्या नियमात त्याची सावली सापडावी, हे आम्हांला अनपेक्षित होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या खेळात राजा उत्सवाची आज्ञा देऊ शकत नाही. तोफांची सलामी, कमानी, रोषणाई यांसाठी फर्मान काढण्याची सोयच नाही. एकही असंतुष्ट माणूस उरला नाही, तरच नगर आपण होऊन उत्सव करते. ही अट कठोर आहे. बहुसंख्य सुखी आहेत, एवढ्याने भागत नाही. शेवटच्या असंतुष्टाचाही हिशेब द्यावा लागतो. प्रत्यक्ष इतिहासातील कोणत्याही साम्राज्याने आपल्या उत्सवासाठी अशी अट पाळलेली आम्हांला ठाऊक नाही.

परंतु याच ठिकाणी नियमाची दुसरी बाजू उघडी पडते. उत्सवाची आज्ञा देता येत नसली, तरी सुख विकत घेता येते. चैनीची टक्केवारी वाढवली की चेहरे हसू लागतात. अनुभवी खेळाडूंनी यातून एक डावपेचच बसवला. लोकशाही आणायची, काही फेऱ्या कर आणि विज्ञान आखडते घेऊन चैनीचा वाटा भरमसाट वाढवायचा, सगळी नगरे एकाच वेळी उत्सवात लोटायची, त्यांची लोकसंख्या फेरीमागून फेरी फुगवायची, आणि हवी तेवढी वाढली की टक्केवारी पुन्हा खाली आणायची. इंग्रजीभाषी खेळाडू या अवस्थेला ‘रॅप्चर’ म्हणतात. मराठीत हर्षोन्माद म्हणता येईल. शब्द भक्तीच्या प्रांतातला, वापर मात्र जमाखर्चातला. असंतुष्टांना नाहीसे करण्याची आणखीही एक युक्ती आहे : शेतात राबणाऱ्या नागरिकाला उचलून करमणूक करणारा बनवावे. त्याचे पीक बुडते, पण त्याच्यामुळे शेजारी हसतात. आता पुन्हा त्या वाक्याकडे पाहू. प्रेम करणारे कोण, हे पडद्यावर दिसते. प्रेमाची मात्रा ठरवणारा मात्र पडद्याबाहेर बसलेला आहे. ‘आम्हांला राजा प्रिय आहे’ या वाक्यातील ‘आम्ही’ राजाचाच निघतो, तो असा.

असे हिशेबी उत्सव खेळ रचणाऱ्यांनी हवेतून काढलेले नाहीत. प्रेक्षागार हे नागरिकांना शांत करण्याचे साधन मानणे ही रोमची देणगी आहे. रोमन प्रजासत्ताकात सार्वजनिक खेळांची व्यवस्था ईडाइल या अधिकाऱ्यांकडे असे, आणि पुढच्या पदांकडे डोळा असलेले ईडाइल त्यासाठी पदरचे धन ओतत. इ. स. पू. ६५ मध्ये ज्युलियस सीझर त्या पदावर असताना त्याने ३२० मल्लजोड्या लढवल्याचे प्लुटार्क नोंदवतो. सीझर त्यासाठी कर्जात बुडाला होता. पण ते कर्ज म्हणजे गुंतवणूक होती. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने कलोसियमचे उद्घाटन केले तेव्हा तेथील खेळ शंभर दिवस चालले, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. धान्य आणि शर्यती यांपलीकडे रोमन लोकांना कशाचीच आस उरली नाही, हा उपहासकार जुव्हेनालचा टोला तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

रोमवरच बेतलेल्या एका खेळाने हा व्यवहार अधिक उघडपणे मांडला आहे. १९९८ सालच्या ‘सीझर ३’ मध्ये खेळणारा रोमन प्रांतातील एका नगराचा कारभारी असतो. सीरिझ, नेपच्यून, मर्क्युरी, मार्स आणि व्हीनस या पाच देवतांपैकी कोणासाठी उत्सव करायचा आणि तो लहान, मोठा की भव्य करायचा, हे तो तक्त्यावर निवडतो. भव्य उत्सवाला मद्य लागते. देवता दुर्लक्षिली गेली तर कोपते. उत्सवाने ती शांत होते आणि नागरिकांचे मनही खुलते. येथे उत्सव ही सरळसरळ खरेदी आहे. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये निदान नगराची संमती लागते, ‘सीझर ३’मध्ये पैसा आणि मद्य पुरते.

तथापि, उत्सव म्हणजे सत्तेने टाकलेला तुकडा, हे रोमचेही पूर्ण चित्र नव्हे. फ्रेंच इतिहासकार पॉल व्हेन याने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दानधर्माची चिकित्सा केली आहे. लोकांना राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी दिलेली लाच, एवढ्याने या प्रथेचा उलगडा होत नाही, हे तो दाखवतो. सधनाने नगरासाठी खर्च करावा, ही नगराची अपेक्षा होती आणि त्याच्या मोठेपणाचा तो भाग होता. शिवाय प्रेक्षागार ही अशी जागा होती, जेथे सम्राट आणि जमाव समोरासमोर येत. तेथे लोक नुसते पाहत नसत. ते ओरडून मागणी करीत, तक्रार करीत, नापसंती दाखवीत.

याचा सर्वांत भीषण दाखला कॉन्स्टँटिनोपलचा आहे. तेथील रथशर्यतींचे प्रेक्षक ‘निळे’ आणि ‘हिरवे’ अशा दोन गटांत विभागलेले होते. त्यांचे वैर इतके तीव्र, की दोघे कधी एका स्वरात बोलतील असे कोणाला वाटले नसावे. जानेवारी ५३२ मध्ये दोन्ही गटांतील काही आरोपींना फाशी देताना दोर तुटून दोघे जण वाचले; एक निळ्यांचा, एक हिरव्यांचा. शर्यतींच्या दिवशी दोन्ही गटांनी सम्राट जस्टिनियनकडे त्यांच्यासाठी दयेची याचना केली. उत्तर मिळाले नाही. तेव्हा ‘नीका’, म्हणजे ‘जिंक’, ही रथस्वाराला उद्देशून दिली जाणारी आरोळी सम्राटाविरुद्धची घोषणा झाली. नगर पेटले, जमावाने नवा सम्राट घोषित केला. अखेर बेलिसारियस आणि मुंडस यांचे सैन्य शर्यतीच्या मैदानात शिरले आणि सुमारे तीस हजार माणसे मारली गेली, असे तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. जळालेल्या चर्चच्या जागी ५३७ साली उभे राहिलेले हागिया सोफिया आजही तेथे आहे.

या घटनेपुढे खेळातील नियम ठेवून पाहावा. खेळात दंगा आणि उत्सव ही एकाच मोजपट्टीची दोन टोके आहेत. सुख वाढत गेले की दंग्यापासून दूर आणि उत्सवाच्या जवळ. इतिहासात मात्र ही दोन्ही एकाच मैदानात, एकाच गर्दीत, कधी एकाच शब्दात नांदतात. उत्सव लोकांना एकत्र आणतो, आणि एकत्र आलेले लोक काय बोलतील हे उत्सवाचा खर्च करणाऱ्याच्या हाती राहत नाही. फ्रान्समधील रोमाँ या गावात १५८० च्या कार्निव्हलमध्ये हेच घडले. करभाराने गांजलेल्या कारागिरांची सोंगे आणि मिरवणुका यांतून संघर्ष पेटला आणि त्याचा शेवट त्यांच्या पुढाऱ्यांच्या हत्येत झाला. एमान्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

‘सिव्हिलायझेशन’च्या पुढील आवृत्त्यांत या नियमाचे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे, कारण नियम बदलतो तेव्हा त्यामागची माणसाविषयीची कल्पनाही सरकते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ कल्पना टिकली. फक्त शासनप्रकारानुसार दिवसाच्या नावातील राजाची पदवी बदलू लागली. लोकशाहीतील नागरिक राजावर प्रेम करतात, ही विसंगती शब्दापुरती मिटली. टक्केवारी ठरवणारा हात तोच राहिला. त्याच वर्षी, डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘फ्रीसिव्ह’ हा मुक्त खेळ त्याच घडणीवर सिद्ध केला. त्यात उत्सवाने लोकसंख्या वाढावी की नाही, हे डाव मांडणाऱ्यालाच ठरवता येते. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत उत्सवाचे फळ म्हणून नगरातील भ्रष्टाचार आणि नासाडी कमी होऊ लागली. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत उत्सव करणाऱ्या नगराचा देखभालखर्च माफ होऊ लागला. बाख्तिनची सावली येथे मावळते. उत्सव आता लोकांना दुसऱ्या राजवटीची चव देत नाही. राजाचा खर्च वाचवतो.

२०१० च्या पाचव्या आवृत्तीत आमच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण बदल झाला. आता नगर स्वतःहून मागणी करते. रेशीम हवे, मद्य हवे, मसाले हवेत. ती वस्तू राजाने मिळवून दिली, की वीस फेऱ्यांपर्यंत राजप्रेमाचा उत्सव चालतो आणि नगराची वाढ एक चतुर्थांशाने अधिक वेगाने होते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर नगर येथे प्रथमच कर्ता झाले. मात्र त्याला मागता येते ते चैनीच्या वस्तूपुरतेच. कर कमी करा, युद्ध थांबवा, असे ते म्हणू शकत नाही. शिवाय सुखदुःखाचा हिशेब आता साऱ्या राज्याचा मिळून होऊ लागला आणि नगरागणिक दिसणारे ते हसरे-रडके चेहरे गेले. शेवटच्या असंतुष्टाची अटही त्यांच्याबरोबर गेली. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीने हा दिवस गाळूनच टाकला. त्या जागी नगराच्या सुविधांचे गणित आले. २०२५ च्या सातव्या आवृत्तीत उत्सव परतला, पण तो नगराचा राहिला नाही. साऱ्या राज्याचे सुख साठत जाते, ठराविक पातळी गाठली की उत्सव सुरू होतो, आणि त्याचे फळ कोणते घ्यायचे ते शासनप्रकाराने पुढे ठेवलेल्या दोन पर्यायांतून राजा निवडतो. चौतीस वर्षांच्या या प्रवासात एकाच असंतुष्टामुळे अडणारा उत्सव कोणत्याही एका माणसावाचून अडेनासा झाला. रचना अधिक सुबक झाली; नैतिकदृष्ट्या मात्र पहिला, ओबडधोबड नियमच आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो.

त्याचा प्रामाणिकपणा किती दुर्मीळ, हे कळण्यासाठी रोमला जाण्याचीही गरज नाही. राजप्रेमाचा सरकारी दिवस पुण्याने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र साजरा झाला. पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आज जेथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तेथे, समारंभ होता. त्याआधीचे काही महिने प्लेगने शहर होरपळले होते. प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या कारकिर्दीत गोऱ्या सैनिकांनी केलेल्या घरझडत्यांनी लोक संतापले होते. त्या रात्री समारंभाहून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. पुढच्या वर्षी दामोदर चापेकरांना फाशी झाली. आम्ही येथे हत्येचे समर्थन वा निषेध करण्यास बसलेलो नाही. आमचा मुद्दा उत्सवाच्या अटीचा आहे. १९९१ सालच्या खेळाच्या नियमाने पाहिले, तर १८९७ च्या पुण्यात राजप्रेमाचा दिवस उगवूच शकत नव्हता. साम्राज्याच्या पडद्यावर मात्र पुणे उत्सवात होते.

त्याच शहरात, त्याच दशकात, दुसरा एक उत्सव आकाराला येत होता. १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ मिळाले. तो राजाच्या चैनीच्या वाट्यातून निघाला नव्हता. घरोघरच्या वर्गणीतून उभा राहिला होता. त्याचे फळ राजाच्या खजिन्यात जमा होत नव्हते. उलट मेळ्यांच्या पदांकडे सरकार संशयाने पाहत होते. या उत्सवाचे सर्वनाम ‘आपण’ होते. अर्थात त्या ‘आपण’मध्ये कोण होते आणि कोणाला बाहेर ठेवले गेले, विशेषतः १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुसलमान दंग्यांनंतर, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. लोकांचा उत्सव म्हणून तो आपोआप निर्दोष ठरत नाही. पण तो राजाच्या मोजपट्टीवर बसत नाही, एवढे निश्चित. ‘सिव्हिलायझेशन’च्या भाषेत त्याला दंगाही म्हणता येणार नाही आणि राजप्रेमही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो रास्तही आहे. खेळ म्हणजे इतिहासग्रंथ नव्हे. खेळणाऱ्याला निर्णय घ्यायला मिळाले पाहिजेत आणि त्या निर्णयांना समजण्याजोगी फळे आली पाहिजेत. ज्याचे फळ सांगताच येत नाही असा उत्सव नियमात बसवणे अवघड. हे आम्हांला मान्य आहे. मात्र अवघड म्हणजे अशक्य नव्हे. उत्सवाच्या दिवसांत नगराने काम बंद ठेवावे. जमलेल्या लोकांनी वस्तूऐवजी धोरणाची मागणी करावी. ती मान्य झाली तर त्यांची निष्ठा दीर्घकाळ टिकावी, फेटाळली तर तोच उत्सव उठावाकडे झुकावा. आणि काही सण असे असावेत, की ज्यांच्यावर राजाचा खर्चही नाही आणि हुकूमही नाही, पण ज्यांवर बंदी घालण्याची किंमत मोठी आहे. हे सारे अंकांत मांडता येते. फरक इतकाच पडेल, की राजाला उत्सवाची इच्छा होईल तशी भीतीही वाटेल. खऱ्या राजांना ती वाटतच आलेली आहे.

साहित्याच्या वर्गात या सर्वांची चर्चा कशाला, असे काही सहकाऱ्यांनी आम्हांला विचारले. आमचे उत्तर साधे आहे. आमचे कित्येक विद्यार्थी राज्य, प्रजा, नगर, उत्सव या शब्दांना पहिल्यांदा भेटतात ते बखरीत नव्हे किंवा कादंबरीतही नव्हे, तर अशा खेळांत. तेथे ते नेहमी राजाच्या जागी बसलेले असतात. प्रजेच्या जागी बसण्याची सोय तेथे नाही. त्यात वाईट काही आहे असे नाही; महाकाव्ये वाचतानाही आपण पुष्कळदा राजाच्याच रथात बसतो. पण काव्य वाचताना बोलणारा कोण, कोणाशी बोलतो, कोण गप्प आहे, हे विचारायला आम्ही शिकवतो. तोच प्रश्न नियमालाही विचारता येतो. नियम हीसुद्धा भाषा आहे, आणि तिच्यातही सर्वनामे आहेत.

त्या विद्यार्थ्याला आम्ही शेवटी कोणतेच रूप सक्तीने सुचवले नाही. पुढच्या तासाला त्यानेच आपले भाषांतर आणले. त्याने लिहिले होते, ‘आपला राजा प्रिय दिन’. आम्ही विचारले, हा ‘आपला’ कोणाचा? तो म्हणाला, नागरिक एकमेकांना सांगत असतील तर आपला म्हणजे सर्वांचा. राजाला सांगत असतील तर आपला म्हणजे, महाराज, तुमचा स्वतःचा. वाचणाऱ्याने ठरवावे. मराठीतला ‘आपण’ हा एकाच वेळी सर्वांना सामावून घेणारा आणि समोरच्याला आदराने दूर ठेवणारा शब्द आहे, हे व्याकरणाच्या तासाला आम्ही अनेकदा सांगितले होते. त्याचा एवढा नेमका उपयोग आम्हांला सुचला नव्हता. आम्ही त्या भाषांतरात काहीही दुरुस्ती केली नाही.